सलग ऐकणारा पाहिजे

गाणं पसंत पडलं नाही की मंदार ते डिलीट करतो. किस्से डिलीट करायची सोय नाही, म्हणून ते साचत गेले. अल्बम होईपर्यंत गाणी झाली आठ. किस्से किती झाले, ते मोजायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही.

मंदार माझा कॉलेजपासूनचा मित्र. आयटीतली बरी चाललेली नोकरी सोडून त्याने इलेक्ट्रॉनिक संगीताचा अल्बम करायला घेतला. म्हणजे पेटी नाही, तबला नाही, कंप्युटरवर आवाजांवर आवाज रचत बसायचं. स्टुडिओ वारज्यात, तिसऱ्या मजल्यावर, त्याच्याच फ्लॅटमध्ये, देवघर आणि संडास यांच्या मधल्या खोलीत!

त्याची इच्छा एकच. एका तरी माणसाने हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधे मोबाईलला हात न लावता ऐकावा. नोकरी सोडलेल्या माणसाने जगाकडे मागितलं ते एवढंच.

"मी आहे की," मी म्हणालो.

"तुला नाही धरत. तुकड्या-तुकड्यांनी इतकं ऐकलंयस की तुला आता काही ऐकूच येत नाही."

खरं होतं ते. शनिवार-रविवार मी तिथेच पडीक असायचो.

* * *

मंदारची माणसं मूळ वारज्याचीच. जिथे शेत होतं तिथे आता त्यांचीच बिल्डिंग आहे. त्याचे चुलते, अण्णा, एकदा स्टुडिओ बघायला आले. स्पीकर, कीबोर्ड, वायरींचं जंगल, सगळं कौतुकाने पाहून झालं.

"गाणारा कुठाय?"

"गाणारा नसतो अण्णा यात."

"मंग वाजवनारा?"

"तोही नसतो."

"मंग तू काय करतूस?"

मंदारने सोपं करून सांगितलं, "मी बटणं दाबतो."

अण्णांनी कीबोर्डचं एक बटण दाबून पाहिलं. मग उठता उठता म्हणाले, "बटनं तर आपला लिफ्टमन बी दाबतो. त्यानं नाय नोकरी सोडली!"

* * *

या कामाची एक पद्धत आहे. चार सेकंदांचा तुकडा घ्यायचा आणि तो मनासारखा होईपर्यंत पुन्हा पुन्हा वाजवत बसायचं. कधी कधी अख्खा दिवस.

एका दुपारी असाच एक तुकडा चालू होता. मंदारची आई स्वयंपाकघरातून दोनदा ओरडली, "अरे, ते अडकलंय बघ!" मंदार तंद्रीत. शेवटी माउलीने बाहेर जाऊन मेन स्विचच बंद केला. सेव्ह न केलेलं सकाळपासूनचं काम गेलं!

मंदार रडायच्या बेताला आला होता. "आई, ते अडकलं नव्हतं गं. ते गाणंच तसं आहे."

"मग गाणं अडकलंय," आई म्हणाली, आणि पुन्हा भाजी चिरायला बसली.

* * *

पाचव्या गाण्यासाठी त्याला दारावरच्या घंटीचा आवाज पाहिजे होता. आम्ही बुधवार पेठेत गेलो. एका दुकानात मंदारने घंट्या वाजवून घ्यायला सुरुवात केली. कोकिळा, आरती, टिंगटाँग. प्रत्येकीला नाक मुरडत होता. दुकानदार निमूटपणे एकेक लावून दाखवत होते.

थोड्या वेळाने त्यांनी शांतपणे विचारलं, "आपल्या घराला दारं किती?"

मंदारला काही कळलं नाही. तो म्हणाला, "मला जरा बिघडलेली हवी होती. घरघरणारी. आहे का?"

"नाही. आमच्याकडे चांगलीच मिळते. घरी नेल्यावर बिघडते."

मंदारने एक चांगली घंटी विकत घेतली. ती दारावर लावली आणि दिवाळीच्या आत मनासारखी घरघरू लागली. माणूस शब्दाचा पक्का निघाला!

* * *

एका गाण्यात खरा मानवी आवाज हवा, असं मंदारच्या मनाने घेतलं. शनिवार पेठेत मधुराताई म्हणून शास्त्रीय गाणं शिकवतात. त्या आल्या, तानपुरा लावला, डोळे मिटून सुंदर यमन गायल्या. खोलीबाहेर आईनेसुद्धा मिक्सर बंद ठेवला होता.

महिन्याभराने त्या झालेलं गाणं ऐकायला आल्या. मंदारने त्यांच्या अख्ख्या यमनमधला एक 'आ' उचलला होता, त्याचे सोळा तुकडे केले होते आणि ते उलटे वाजवले होते. मी त्यांच्या नजरेला नजर द्यायचं टाळलं.

गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा ताईंनी विचारलं, "मी कधी येते?"

"येऊन गेलात ताई. ते उलटं होतं ना, ते तुम्हीच."

ताईंनी पर्स खांद्याला लावली. "आमच्या गुरुजींना ऐकवू नका हं. सुलट्यातल्या चुका काढून ते दमलेत. आता त्यांना उलट्यातल्या काढायला लावू नका."

चहाला मात्र थांबल्या नाहीत. पुढची गाणी ऐकायचीच राहिली!

* * *

गाण्यांचा तोल गाडीतल्या स्पीकरवर तपासायचा, अशी या लोकांत रीत आहे. मंदारने बायकोला, गौरीला, गाडीत घातलं आणि कात्रजकडे निघाला. ती बिचारी तयारीने, मोबाईल घरी ठेवून गेली होती. दुसऱ्या गाण्याला ती घोरायला लागली.

घरी आल्यावर मंदारचा चेहरा बघवत नव्हता. गौरीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "अरे, हे कौतुक समज. तू गाडी चालवत असताना मला कधी डोळा मिटायची हिंमत झालीय का?"

* * *

आणि आपटे काका! बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये राहतात. रिटायर झालेले, सडपातळ, आवाज कधीही न चढवणारे. पहिल्यांदा आले तेव्हा दारातूनच म्हणाले, "आपलं हे संपणार आहे, की आम्ही घर विकायला काढू?"

मंदार ओशाळला. त्याने आईच्या जुन्या गाद्या उभ्या करून चारही भिंतींना बांधल्या. आठवड्याने काका पुन्हा दारात.

"भिंतींना गाद्या लावल्यात असं कळलं. आमच्या डोक्यावर तुमची भिंत नाही, जमीन आहे."

"सॉरी काका. तो खालचा सूर असतो ना, बेस, तो थांबत नाही कशाने."

"मग हेडफोन लावा."

"हेडफोनमध्ये बेस नीट कळत नाही काका."

"आम्हाला कळतो," काका म्हणाले आणि जिना उतरून गेले.

* * *

शेवटी अल्बम पूर्ण झाला. एका रविवारी संध्याकाळी मंदारने सगळ्यांना ऐकायला बोलावलं. हॉलमध्ये स्पीकर मांडले. आईने साबुदाणा वडे केले, आणि तिथेच घात झाला. पहिल्या गाण्यात वडे आले. दुसऱ्यात चटणी संपली. तिसऱ्यात अण्णांना कुणाचा तरी फोन आला आणि ते "हां, बोला, आयकू येतंय!" असं ओरडत गॅलरीत गेले. चौथ्यात गौरीने डोळे मिटले. मंदार कोपऱ्यात स्टुलावर बसून एकेकाचं तोंड बघत होता. मला त्याच्याकडे बघवेना.

तेवढ्यात घरघर वाजली. आमची बुधवार पेठेतली घंटी. दारात आपटे काका!

मंदार आधीच हात जोडून उठला. "सॉरी काका, आता संपतच आलंय."

"तक्रार नाही," काका म्हणाले. "रोज थोडंसं वाजतं आणि पुन्हा तेच. आज पुढे गेलं. म्हटलं, वर काही झालं की काय!"

"पुढचं ऐकायचंय काका?" मंदारने भीत भीत विचारलं.

"मधून नको. मधून ऐकून कंटाळलोय. आलोच आहे तर पहिल्यापासून लावा."

काका मधोमध खुर्चीवर बसले. मोबाईल खाली चार्जिंगला होता. वडा पुढे केला तर हातानेच नको म्हणाले. डोळे मिटून, मांडीवर एक बोट हलवत, त्यांनी आठही गाणी ऐकली. अण्णासुद्धा घाबरून हळू बोलायला लागले.

शेवटचं गाणं संपलं. काका उठले, दाराशी जाऊन चपला घातल्या आणि वळून म्हणाले,

"छान आहे. पण एवढे सगळे वरचे सूर कशाला घातलेत? खालून जास्त चांगलं वाटतं."

आम्ही सगळे पोट धरधरून हसलो. एकटा मंदार हसला नाही.

पुढच्या रविवारी दुपारी मी स्टुडिओत एकटाच बसलो होतो, बोट प्लेच्या बटणावर. मंदार खाली, काकांच्या हॉलमध्ये, त्यांच्याच सोफ्यावर. मी फोन करून विचारलं, "लावू?"

"थांब, थांब!" तो घाईघाईने म्हणाला. "काकू कुकर बंद करून येतायत. त्यांनाही पहिल्यापासून ऐकायचंय."