काळं चालतं म्हणे

नवरा मेला की बायकोच्या कपाळावरची कातडी कुणाच्या मालकीची होते? प्रश्न वेडगळ वाटत असेल, तर आधी सुमनमावशींविषयी ऐका.

इंदिरानगरात त्या आमच्या शेजारी राहायच्या. शहराबाहेर त्यांचं फुलांचं वावर होतं आणि पंचवटीत हार विकायची जागा. दिवसभर हात ओले. घाम आला की मनगटानं कपाळ पुसायच्या. कुंकू मनगटावर यायचं आणि मनगटावरून पांढऱ्या शेवंतीवर. डाग पडलेला हार देवाला कोण घेणार? एके दिवशी त्या सरळ पार्लरमध्ये गेल्या आणि सुईच्या मशीननं कपाळावर लाल कुंकू कायमचं गोंदवून आल्या. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मोठ्या घरच्या बायका भुवया कोरून घ्यायच्या, त्या रांगेत ह्या फुलांची टोपली घेऊन बसल्या.

"मावशी, फॅशन का?" मी विचारलं.

"कसली फॅशन गं! हार नासतात. आता म्हणावं पूस किती पुसायचं ते."

जीभ अशीच तिखट. फुलांची घासाघीस करणाऱ्याला म्हणायच्या, "देवालाच पाठवा वावरात, तोडून घेईल त्याचं तो." आमच्या घरात वर्तमानपत्राआधी स्त्रियांच्या चळवळीची पत्रकं यायची, आणि कॉलेजात गेल्यावर मीही ती लिहू लागले. मावशी ती मागून न्यायच्या. "तुझा कागद लय चांगला हाय. गजरा भिजत नाय."

मग एका दुपारी मावशींचे यजमान, आमचे काका, वावरातच छातीत कळ येऊन गेले. दहाव्याला बायका कुंकू पुसायला बसल्या आणि अडल्या. थोरल्या जाऊबाई, सगळे त्यांना आक्का म्हणत, ओल्या फडक्यानं घासू लागल्या. मग खोबरेल लावून घासलं. कातडी सोलली, कुंकू जागेवरच. मावशी म्हणाल्या, "आक्का, भांडं घासताय का?"

आक्कांनी फडकं बाजूला टाकलं.

पुढे वैशालीचं, त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, येवल्याला जमलं. आक्का पुन्हा आल्या. "असलं कपाळ घेऊन विहीणबाई म्हणून मिरवणार? येवल्याची माणसं काय म्हणतील? पोरीचं लग्न मोडंल." लेझरनं गोंदलेलं निघतं, हेही त्यांनीच शोधून आणलं होतं. मी तावातावानं मावशींकडे गेले. हे काढू नका, ही रूढी तुम्हीच मोडायला हवी, असं बरंच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझं पत्रक घालणार का वैशूला मागणी?"

 त्या लेझरला गेल्या. मीही सोबत गेले.

त्वचेच्या डॉक्टरांच्या खोलीत मावशींना आडवं केलं, डोळ्यांवर झाकणं बसवली. डॉक्टरांनी कागद पाहत विचारलं, "काढायचंय ना?" आक्का म्हणाल्या, "हो हो, पार काढा." कागदावर सही आक्कांची. कपाळ मावशींचं. मी मावशींची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि तोंड उघडलं नाही. टक् टक् आवाज सुरू झाला, केस जळाल्यासारखा वास आला. मावशींच्या पायाची बोटं आखडली.

लाल रंग आधी पांढुरका झाला आणि मग, आमच्या डोळ्यांदेखत, काळा. डॉक्टर म्हणाले, असल्या शाईत लोह असतं, लेझरनं ती कधी कधी काळी पडते. "मी यांना सांगितलं होतं." यांना म्हणजे आक्कांना. पूर्ण निघायला अजून चार-पाच वेळा यावं लागेल, असंही ते म्हणाले.

आक्कांनी चष्मा लावला, वाकून कपाळ नीट पाहिलं आणि समाधानानं म्हणाल्या, "राहू द्या डॉक्टर. काळं चालतं."

 विधवेला काळी टिकली चालते! माणूस जिवंत भाजला, डाग आयुष्यभराचा पडला, आणि यांच्या शास्त्रात तो बसला म्हणून काम फत्ते. रिक्षात मावशी बाहेर बघत म्हणाल्या, "म्हंजे पास झालं माझं कपाळ."

लग्नाच्या सकाळी त्या आरशासमोर उभ्या राहिल्या आणि त्या काळ्यावर बोटानं लालभडक कुंकू लावलं. आक्कांनी मनगट धरलं.

"सोडा आक्का. तुमचं मशीन चालवून झालं. आता माझं बोट चालू द्या."

मंडपात वरमाई भेटायला आल्या. कुंकवाच्या कडेनं डोकावणारा काळा व्रण त्यांना दिसलाच. "हे काय झालं हो, विहीणबाई?"

आक्काच पुढे झाल्या. "काढायला नेलं होतं. तुम्हाला चालणार नाही म्हणून."

"आम्हाला?" वरमाई म्हणाल्या. "अहो, आम्हाला कुणी विचारलं? आमचं काही म्हणणं नव्हतं."

मावशी मोठ्यानं हसल्या. सगळा मंडप वळून पाहू लागला. "घ्या! म्हंजे तुम्हालाबी नाय विचारलं!"

त्या हसण्याचा मला अजून राग येतो. त्यांचा नाही, ते हसू ज्यांनी त्यांच्यावर आणलं त्यांचा. आणि त्यांत मी आहे. आक्का 'काढा' म्हणाल्या, मी 'काढू नका' म्हणाले. दोघींनीही त्यांना काय हवंय ते विचारलं नाही. काही वर्षांनी मावशी तापानं गेल्या. आता विचारायला उशीर झाला आहे.

तुम्हाला झालेला नाही. तुमच्या घरात, गल्लीत नवरा गेलेली एखादी बाई असेलच. आज तिच्याकडे जा. तिला काय घालायचंय, काय लावायचंय, कुठे बसायचंय, ते तिलाच विचारा. आणि तिच्याऐवजी दुसरं कुणी उत्तर देऊ लागलं, तर त्याला आधी खोलीबाहेर काढा, मग पुन्हा विचारा.