थोरल्या मुलाचं पान

शनिवारी दुपारी नाशिकला गंगापूर रोडवरच्या माझ्या क्लासमध्ये बायका येतात आणि पिशवीतले फोटो टेबलावर ओततात. आठवडाभर त्याच फोटोंवरून घरात काय काय झालं, ते सांगून झाल्याशिवाय कुणी कात्रीला हात लावत नाही. मीही घाई करत नाही. स्क्रॅपबुक म्हणजे नुसती चिकटवही नव्हे, हे पहिल्या दिवशी सांगते तेव्हा सगळ्या माना डोलावतात. पटतं मात्र पहिलं पान पुरं झाल्यावर. फोटो निवडायचे, पानावर मांडून बघायचे, मागचा कागद त्याला शोभेसा घ्यायचा आणि शेजारी दोन ओळी स्वतःच्या अक्षरात लिहायच्या. या दोन ओळींना सगळ्यांत जास्त वेळ लागतो.

मी नामपूरची. वडील कांदा मार्केटात मापारी होते, कांदा तोलायचे. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. आमच्या शाळेत दर वर्षी हस्तलिखित निघायचं आणि त्याची सजावट चित्रकलेच्या सरांनी माझ्याकडे दिली होती. घोटीव कागद कापायचा, घरून शिजवून आणलेल्या खळीने चिकटवायचा, वर पाटी ठेवून दाबायचा. कागदाला सुरकुती पडली तर सर रागवायचे नाहीत, नुसतं म्हणायचे, "परत कर." आज मी जे शिकवते त्याचा पाया त्या दोन शब्दांत आहे आणि हे मी कुणालाही अभिमानाने सांगते. क्लास सुरू करते आहे हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती आमच्या अहिराणीत म्हणाली, "कागद चिटकाडाले बी शिकनं पडस का?"

शिकावं लागतं. दोन वर्षांपूर्वीच्या एका बॅचमध्ये ते मला फार नीट कळलं.

त्या बॅचमध्ये बँकेतून निवृत्त झालेल्या एक ताई होत्या. काम झपाझप करायच्या आणि बोलायच्याही तशाच. मी नवीन पंच आणला होता, दाबला की कागदाचं झेंडूचं फूल पडायचं. ताईंनी केशरी कागदाची भरपूर फुलं पाडली, एका ओळीत ओवल्यासारखी चिकटवली आणि सासऱ्यांच्या फोटोवर वरच्या दोन्ही कोपऱ्यांपासून खाली झोल देऊन लावली. काम सुबक होतं. कौतुकाने सगळ्या पुढे झुकल्या आणि तशाच मागे सरकल्या.

शेवटी एकीने विचारलं, "ताई, सासरे कधी गेले हो?"

"गेले कुठे? सकाळी मला म्हणाले, चहात साखर कमी आहे." मग ताईंनी पानाकडे पाहिलं. "अगं बाई. मी तर त्यांना हार घातला."

हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. ताई एकेक फूल नखाने सोडवत होत्या आणि पुटपुटत होत्या, "नव्वदीचा माणूस, हे पान बघून खरंच जायचा." त्या दिवसापासून माझ्या क्लासचा नियम झाला की फुलं खालच्या कोपऱ्यात लावायची, वरून सोडायची नाहीत. परदेशी व्हिडिओत अशा माळा सर्रास दिसतात. तिकडे त्या शोभत असतील. आपल्याकडे फोटोवरच्या माळेचा अर्थ एकच.

एक काकू मात्र हसल्या नाहीत. वय साठीच्या आतबाहेर, पंचवटीत राहणाऱ्या, बोलायला मऊ. सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन दिवाळीनंतर करायचं होतं. ऐंशी वर्षं पूर्ण झाली की घरातली सगळी जमून वडीलधाऱ्यांना ओवाळतात, तो समारंभ. त्या दिवशी सासूबाईंच्या हातात त्यांच्या आयुष्याचा अल्बम द्यायचा म्हणून काकू क्लासला आल्या होत्या.

सगळ्या गेल्यावर त्यांनी पर्समधून एक पाकीट काढलं. त्यात एक काळा-पांढरा फोटो होता. रेल्वे स्टेशनचा फलाट, धो धो पाऊस आणि पोटऱ्यांपर्यंत येणारा रेनकोट घातलेला विशीतला मुलगा, तोंड भरून हसणारा.

"हे माझे थोरले दीर," काकू म्हणाल्या. "रेल्वेत लागले होते, इगतपुरीला. वर्षभरात आजारी पडून गेले. मी त्यांना पाहिलंच नाही. माझं लग्न नंतर दोन वर्षांनी झालं."

"अल्बममध्ये घ्यायचाय?"

"तेच तर कळत नाही. आमच्याकडे मंगल कार्यात त्यांचं नाव निघत नाही. फोटो भिंतीवर आहे, हार घातलेला. दसऱ्याला हार बदलतात, तेवढंच. हा फोटो सासूबाईंच्या लुगड्यांच्या घडीत होता, मी न विचारता घेतलाय. आमचे हे म्हणतात, आईला त्या दिवशी रडवायचंय का? चार लोकांत तिला काही झालं तर मी तुला बोलेन." त्यांनी फोटो परत पाकिटात सरकवला. "आणि नाही लावला, तर आईच्या आयुष्याच्या अल्बममधून पहिला मुलगाच गायब."

घर त्यांचं, सासूबाई त्यांच्या. मी माझ्या कामापुरतं बोलले. पानात एक कप्पा करता येतो. वर नेहमीचा फोटो, मागे फटीत दुसरा आणि त्याला बाहेर डोकावणारी छोटी रिबन. ज्याला ठाऊक आहे तो ओढेल, बाकीच्यांना दिसणार नाही. काकूंना ते पटलं. मूळ फोटोला हात न लावता त्याची प्रत काढून आणायला सांगितलं आणि पाकीट त्याच दिवशी होतं तिथे परत ठेवा म्हटलं.

पुढचे काही शनिवार काकू त्या अल्बमवर खपत होत्या. त्यांच्या हाताला सफाई नव्हती, पण कंटाळा हा शब्द माहीत नव्हता. एक किनार तिरकी गेली तर मी काही बोलायच्या आत त्या म्हणायच्या, "कळलं. परत करते." कप्पासुद्धा त्यांनी छान केला. वर घराच्या वास्तुशांतीचा फोटो, मागे थोरले दीर, कडेला मोतिया रंगाची रिबन.

शेवटच्या शनिवारी अल्बम बांधायचा होता. काकूंनी ते पान पुढ्यात घेतलं, रिबन ओढली, फोटो बाहेर आला, सोडला, आत गेला. असं त्यांनी बऱ्याचदा केलं. शेजारी बँकेतल्या ताई बसल्या होत्या. एव्हाना त्यांनाही सगळं माहीत झालं होतं.

"मस्त सरकतोय की," ताई म्हणाल्या.

"सरकतोय," काकू म्हणाल्या. "पण हे म्हणजे परत लुगड्याच्या घडीतच ठेवल्यासारखं झालं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, कोरं पान आहे?"

मी कपाटातून पान काढून दिलं. त्यांनी निळसर करडा कागद निवडला, पावसाच्या रंगाचा. फोटो मधोमध घेतला. फुलं नाहीत, किनार नाही. खाली त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं: 'इगतपुरी. नोकरीचा पहिला दिवस.' मग ते पान वास्तुशांती आणि काकूंचं स्वतःचं लग्न यांच्या मध्ये, अंदाजाने का होईना, जिथे यायला हवं तिथे लावलं.

"घरी हे ओरडले तर तुमच्याकडे पाठवते हं ह्यांना," काकू म्हणाल्या.

"पाठवा," बँकेतल्या ताई म्हणाल्या. "आम्ही त्यांना पंच दाबायला बसवू."

समारंभाला बँकेतल्या ताईंना आणि मलाही बोलावणं होतं. दिव्यांची ताटं, पेढे, दारात चपलांचा ढीग. सासूबाई जरीच्या लुगड्यात पाटावर बसल्या होत्या, लहानखुऱ्या आणि ताठ. ओवाळून झाल्यावर काकूंनी अल्बम त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि पानं उलटायला सुरुवात केली. लग्न, जावा, वास्तुशांती. काकूंचे यजमान बाजूच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. पुढे काय आहे ते त्यांना आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. ते हो म्हणाले नव्हते आणि नाहीही म्हणाले नव्हते.

निळसर करडं पान आलं. सासूबाईंचा हात थांबला. त्यांनी फोटोवरून बोट फिरवलं, कडांना स्पर्श करत. काकूंनी पदर मुठीत धरला होता.

"हे चुकीचं लिहिलंय," सासूबाई म्हणाल्या.

काकूंचा चेहरा उतरला. "काय चुकलं, आई?"

"पहिला दिवस कसला? पहिल्या दिवशी त्याच्याकडे रेनकोट होता कुठे? भिजून ताप भरला म्हणून मी त्याला बजावलं होतं, पगार झाला की आधी रेनकोट घे. घेतला तो हा असा, दोघं मावतील एवढा. म्हणे, आई, उरलेल्यात तू ये." त्या हसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज स्वच्छ होता. "पेन द्या कुणी तरी."

यजमानांनी खिशात हात घातला. त्यांच्या आधी मी पर्समधून अल्बमचं पेन काढलं होतं. वर्षानुवर्षं न विटणारी शाई असते त्यात, ते मी नेहमी जवळ बाळगते. काकूंनी ते सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी सुनेच्या ओळीवर एक रेघ ओढली आणि खाली लिहिलं: 'पहिल्या पगाराचा रेनकोट.' अक्षर वाकडं, ओळ उतरती.

त्या पान उलटायला लागल्या तशी काकूंनी त्यांचा हात धरला. "आई, शाई वाळू द्या. लगेच मिटायचं नाही."

हे मी शिकवलेलं वाक्य होतं. पदवी हातात घेतली त्या दिवशीसुद्धा मला इतकं भरून आलं नव्हतं.

अल्बम तसाच उघडा राहिला, त्यांच्या मांडीवर. मग नमस्काराची रांग सुरू झाली. एकेक जण वाकायचा, उठताना त्याची नजर पानावर जायची, आणि कुणी विचारायचं, कुणी नुसतं थबकायचं. सासूबाई प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होत्या, रेनकोट कुठल्या दुकानातून घेतला, केवढ्याला मिळाला, आणि तो घालून घरी आला तेव्हा गल्लीतली पोरं कशी हसली. काकूंचे यजमान रांगेत नव्हते. ते आईच्या शेजारी जमिनीवर बसले होते आणि मधूनमधून म्हणत होते, "आई, दादाचं ते सायकलचं पण सांग ना."