आधी एक पेला

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी डाळजजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात दुसरी मिसळ मागवत होतो. आमच्या डिस्टिलरीचा सहामाही अनुपालन अहवाल पुण्याला एकदाचा देऊन परतत होतो, आणि अहवाल दिला की मला दोन मिसळी लागतात हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. फोन तात्यांच्या सूनबाईंचा. "सकाळी डेअरीला दूध घालून आले, ओट्यावर टेकले, आन् उठलेच न्हाईत…" थोडं थांबून म्हणाल्या, "काल इचारत हुते, सायबाचा रिपोर्ट गेला का म्हून." मिसळ आली आणि तशीच गार झाली. त्याला आता महिना होऊन गेला. चार गंभीर वाक्यं लिहावीत म्हणून बसतो, पण तात्यांची एकेक गोष्ट आठवते आणि हसूच फुटतं. तेव्हा हे असंच गोड मानून घ्यावं.

मी इंदापूरचा. पर्यावरणशास्त्र शिकलो आणि बारामती तालुक्यातल्या एका डिस्टिलरीत चिकटलो. मळीपासून दारू गाळली की मागे काळंभोर पाणी उरतं, ते प्लॅस्टिकचं अस्तर लावलेल्या मोठ्या तळ्यात साठवतात. प्रकल्पाला परवानगी मिळते ती ढीगभर अटींवर, आणि दर सहा महिन्यांनी एकेका अटीपुढे ती पाळली की नाही ते लिहून सरकारला कळवायचं, हे माझं काम. अकरावी अट अशी की तळ्यातलं पाणी जमिनीत झिरपत नाही ना हे बघण्यासाठी आसपासच्या विहिरींचं पाणी तपासायचं. सांगवीच्या शिवारातली तात्यांची विहीर आमच्या कागदावर 'निरीक्षण विहीर क्रमांक तीन' होती. तात्यांना ह्या नावाचा एवढा अभिमान, की त्यांनी मोटारीच्या खोलीवर ऑइल पेंटनं ते मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं. खाली बारीक अक्षरांत स्वतःचं नाव. परवानगीनंतर ग्रामपंचायतीत आलेली अटींची मराठी प्रत त्यांनी लॅमिनेट करून आणली होती, आणि शाळेतली कविता म्हणावी तशा त्या अटी ते म्हणून दाखवत.

पहिल्याच भेटीत त्यांनी माझा जुना अहवाल मागितला. वाचायला वेळ लागला नाही, कारण मी निम्म्याहून जास्त अटींपुढे एकच वाक्य चिकटवलं होतं, 'अनुपालन सुरू आहे.' हे वाक्य फार सोयीचं. झाडं लावली तरी चालतं, खड्डेच खणले तरी चालतं, खड्डे खणायचा विचार केला तरी चालतं. तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "सायेब, आमच्या धाकट्याच्या लग्नाचं बी सात वर्सं अनुपालन सुरू हाय." धाकटा गोठ्यात होता. त्यानं बादली जरा जोरात आपटली.

आता माझा पराक्रम सांगतो. नोकरीतल्या दुसऱ्याच फेरीत मी नमुन्याच्या बाटल्यांची पेटी ऑफिसात विसरून सांगवीला पोचलो. परत जायचा कंटाळा. हातात थंडगार संत्र्याच्या पेयाची बाटली होती, तळाशी दोन घोट उरलेले. ते पिऊन टाकले, बाटली विहिरीच्या पाण्यानं भरली, झाकण लावलं, वर चिठ्ठी चिकटवली. विसळली? नाही. पुण्यात शिकलेल्या माणसाला विसळायचं सुचत नाही. प्रयोगशाळेचा कागद आला तेव्हा कारखान्यात हलकल्लोळ झाला. पाणी आंबट, पाण्यात सेंद्रिय घाण बेसुमार! मॅनेजरसाहेबांनी तळं फुटलं असं समजून दोन पंप आणि एक जेसीबी मागवला, तात्यांच्या दारात पाण्याचा टँकर उभा केला. तात्या मात्र त्याच विहिरीचं पाणी पीत राहिले, म्हशींनाही पाजत राहिले, आणि चौथ्या दिवशी थेट ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसले. "पाणी ठणठणीत हाय. तुमची बाटली कसली हुती त्ये सांगा." मी सांगितलं. तात्या हसायला लागले ते थांबेनातच, शिपायानं पाणी आणून दिलं, तर पेल्याकडं बोट दाखवून विचारतात, "ह्ये संत्र्याचं न्हाय ना?"

त्या दिवसापासून क्रमांक तीनचा कायदा ठरला. मोटार पाच मिनिटं चालू ठेवायची, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, आणि बाटली भरण्याआधी नमुना घेणाऱ्यानं त्याच धारेचा एक पेला प्यायचा. पितळी पेला मोटारीच्या खोलीत खिळ्याला टांगलेला. तो भरून तात्या माझ्या हातात द्यायचे आणि समोर उभे राहायचे. गंमत अशी की ते पेल्याकडं कधीच बघत नसत. माझ्या तोंडाकडं बघत. मी पेला रिकामा केला की म्हणायचे, "भरा आता." नमुन्याचा दिवस म्हणजे त्यांच्या घरी सण असायचा. शेजारीपाजारी बोलावलेले, ताक घुसळलेलं, आणि तात्या सगळ्यांना सांगणार, आमची विहीर सरकारला म्हाईत हाय!

आणि मग तीन वर्षांपूर्वीची ती फेरी. धार नेहमीसारखी होती, ऊन छान पडलं होतं, तात्यांनी पेला दिला. मी तोंडाजवळ नेला आणि थांबलो. वास अगदी पुसट होता… करपलेल्या गुळासारखा. मी आमच्या तळ्याकाठी रोज हिंडतो, तो वास मला झोपेतही ओळखू येईल. क्षणभर वाटलं, डोळे मिटून पिऊन टाकावं. हात वर जाईना. मी पेला कठड्यावर ठेवला. तात्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "बास. मला रिपोर्ट मिळाला. आता सरकारला द्या." सूनबाई गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी म्हशींच्या हौदाचा नळ बंद केला.

प्रयोगशाळेनं तेच सांगितलं. मॅनेजरसाहेबांनी कागद पाहिला, आणि त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, "मागं पण बाटलीच निघाली होती ना तुझी? आत्ता पण बाटलीच असणार. टाक मागचा आकडा." ह्याला म्हणतात स्वतःच्या हातानं खणलेला खड्डा. माझ्या मूर्खपणाची गोष्ट मीच चहाच्या टेबलावर इतकी रंगवून सांगितली होती, की आता सगळा कारखाना तिच्या आडोशाला उभा राहायला तयार होता. खरं सांगायचं तर मीही तयार होतो. जेवणाच्या सुट्टीत अकराव्या अटीपुढं 'अनुपालन सुरू आहे' टाईप करूनही झालं. पण डोळ्यांसमोर तो बंद केलेला नळ, दावणीला तहानलेल्या म्हशी, आणि कठड्यावरचा भरलेला पेला. ते वाक्य पुसलं आणि लिहिलं, 'अनुपालन झालेले नाही. विहीर क्रमांक तीनमध्ये झिरपा आढळला.' नोकरीत पहिल्यांदाच लिहिलेलं ते वाक्य! कानशिलं तापली होती, आणि वर उड्या माराव्यात असंही वाटत होतं. माझा विचार बदलायच्या आत मी अहवाल पाठवून दिला आणि मग साहेबांना सांगायला गेलो. ह्या क्रमाबद्दल त्यांनी मला जे ऐकवलं ते वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापण्याजोगं नाही.

पुढं तपासणीचं पथक आलं, तळं उपसलं, कोपऱ्यातल्या अस्तराची चीर सापडली, अस्तर नवं झालं. सांगवीला टँकर सुरू झाला, ह्या वेळी खरोखरीच्या गरजेचा. साहेब चार महिने माझ्याशी बोलले नाहीत, नंतर प्रत्येक बैठकीत सांगू लागले की आमचा प्रकल्प स्वतःची चूक स्वतः कळवतो. मी अहवालाची प्रत तात्यांना नेऊन दिली. अकराव्या अटीवर बोट ठेवून त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. "ह्ये वाक्य तुमाला येतंय व्हय?" म्हणाले. "मला वाटलं, कॉलेजात शिकवतच न्हाईत." आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की माझा चष्मा विहिरीत जाता जाता वाचला.

पाणी निवळायला दीड वर्ष लागलं. प्रयोगशाळेचा कागद स्वच्छ आला त्या दिवशी मी गाडी अशी हाणली की पणदऱ्याच्या वळणावर उसाच्या ट्रॉलीवाल्यानं माझ्या सात पिढ्या काढल्या. तात्यांनी कागद बाजूला ठेवला, मोटार सुरू केली, पेला भरला आणि पुढं केला. "आधी तुमी." मी प्यायलो. गार, गोड, बिनवासाचं… त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, माझ्या हातातून पेला घेतला आणि स्वतः लागोपाठ दोन पेले रिचवले. मग फोन काढून अख्ख्या शिवाराला कळवलं. हौदाचा नळ सूनबाईंनी उघडला. धाकटा नाचला. त्याचंही लग्न तोवर झालं होतं.

परवा क्रमांक तीनची फेरी आली. जीपमध्ये बाटल्यांची पेटी आहे ना, हे मी दोनदा बघितलं. सूनबाईंनी मोटार सुरू केली. मी पाच मिनिटं थांबलो, बाटली तीनदा विसळली, आणि विहिरीकडं बघत तसाच उभा राहिलो. काय करायचं राहिलंय ते सुचेना. मागं खोलीत खिळ्यावरून पेला निघाल्याचा आवाज आला. त्यांनी तो धारेखाली भरला, माझ्या हातात दिला आणि समोर उभ्या राहिल्या. मी पाणी प्यायलो. पेला खाली आणला तेव्हा त्या पेल्याकडं बघत नव्हत्या…

"भरा आता," त्या म्हणाल्या.