रूपलीबाईने न सांगितलेली गोष्ट

काठी गावाच्या अलीकडे सातपुड्यात एक उतार होता. नवख्या माणसाला तिथे दगड आणि करवंदीच्या जाळ्या यांपलीकडे काही दिसलं नसतं. पण पावसाळ्यात त्या जाळ्यांवर कंदांचे वेल चढत, आणि दिवाळीनंतर वेल सुकले की जमिनीत हातहात लांबीचे कंद भरलेले असत. संवत छप्पनच्या, म्हणजे इसवी सन एकोणीसशेच्या दुष्काळात खाली सपाटीवर माणसं रस्त्याच्या कडेला मरून पडत होती, तेव्हा शेजारचं डोंगरातलं गाव या उतारावरच्या कंदांवर जगलं. तेव्हापासून गावाने तो वाईट वर्षासाठी राखला होता, आणि राखणीचं काम रूपलीबाईच्या आईकडे आलं होतं. आई गेल्यावर ते रूपलीबाईकडे आलं. नवरा घरजावई होऊन आलेला, तोही पुढे वारला. पण उतार तिने सोडला नाही.

काम साधंच होतं. चांगल्या वर्षी कंदांना हात लावायचा नाही. लावलाच तर जुना, जाडजूड एखादा काढायचा. आणि काढला की वेल जिथून फुटतो ते कंदाचं डोकं मोडून, त्याच खड्ड्यात ठेवून, माती लोटायची. पुढल्या पावसात ते डोकं पुन्हा फुटतं. डोंगरातलं चार वर्षांचं पोरही हे करतं. हे कोणी कोणाला शिकवत नाही. जेवल्यावर हात धू, असं तरी कोण कितीदा सांगतं?

एकोणीसशे चौतीसच्या हिवाळ्यात शहाद्याकडच्या एका गावातून चिंधा मास्तर बत्तीस मुलांना घेऊन वर आले. रानातली झाडं, पाखरं, किडे मुलांना पुस्तकात नव्हे तर रानात दाखवायचे, असा त्यांचा ध्यास होता. माणूस नाकासमोर चालणारा. फांदी मोडणाऱ्या मुलाला त्यांनी तिथेच उभं करून झाडाची माफी मागायला लावली. रान कोणाला ठाऊक आहे, असं त्यांनी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी रूपलीबाईकडे बोट दाखवलं.

ती हरखून गेली. खोटं कशाला बोला? पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिला काय येतं हे कोणी विचारलंच नव्हतं. आता बत्तीस पोरं तिच्या मागे पाटी-पेन्सिल घेऊन चालत होती आणि तिने सांगितलेलं लिहून घेत होती. चारोळी कोणती, धावडा कोणता, अस्वल कुठे उकरतं, मोहाखाली पहाटे कोण कोण येतं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, चला, तुम्हाला आमचा उतार दाखवते.

तिचा थोरला भाऊ गोवाल गावचा जाणता. त्याला हे रुचलं नाही. बाहेरच्याला तो उतार आजवर कोणी दाखवला नव्हता. रूपलीबाईने त्याला समजावलं, की ही शिकणारी पोरं आहेत, मास्तर देवमाणूस आहे, मी जामीन राहते. बहिणीच्या शब्दावर गोवालने होकार दिला.

तालुक्याच्या प्रदर्शनासाठी मास्तरांना कंद हवे होते. घ्या एकेक, असं सांगून आणि कसं उकरायचं ते दाखवून रूपलीबाई पोरांच्या जेवणाचं बघायला ओढ्यावर उतरली. एकेकावर थांबतात ती पोरं कसली? कोणाचा मोठा निघतो याची चढाओढ लागली. वनस्पती मुळापासून शेंड्यापर्यंत अखंड हवी, असं मास्तरांनी बजावलं होतं, म्हणून वेलासकट, डोक्यासकट कंद पोत्यांत गेले. खड्डे उघडे टाकू नका, गुरांचा पाय जाईल, हेही मास्तरांनीच सांगितलं. पोरांनी एकूण एक खड्डा नीट बुजवला.

दिवस कलताना रूपलीबाई परतली तेव्हा पोत्यांची तोंडं बांधून झाली होती. कंद जरा जास्तच गेले, हे तिला खटकलं. पण तिला सगळीकडे बुजवलेली माती दिसली. डोकी जागच्या जागी गेलेली दिसतात, असं तिला वाटलं, आणि शहाणी पोरं म्हणून तिने दोघातिघांच्या पाठीवरून हात फिरवला.

आषाढ आला. सगळं रान फुटलं, उतार फुटला नाही. कडेला आठदहा वेल वर आले, तेवढेच. रूपलीबाईने एक खड्डा उकरला, मग दुसरा, मग तिसरा. दुपारपर्यंत ती उकरत होती, एकाही खड्ड्यात डोकं नव्हतं. मग तिथेच मातीत बसून तिने ऊर बडवून घेतला.

गोवाल तिला एका शब्दाने बोलला नाही. त्या वर्षापासून राखणदार म्हणून उतारावर पहिली कुदळ मारायचा तिचा मान तेवढा गेला. गावाने तिला बोलावलंच नाही. तरी ती जात राहिली. कुठून कुठून डोकी आणून लावत राहिली. कंद खाण्याजोगा व्हायला चारपाच वर्षं लागतात, आणि पावसाने तीनच दिली.

तिसऱ्या वर्षी ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली. लोक उतारावर गेले आणि करंगळीएवढे कंद बघून परत आले. छप्पनमध्ये जे गाव डोंगर उतरलं नव्हतं ते आता पोरंबाळं घेऊन सपाटीवर मजुरीला उतरलं. गोवालची नात वाटेतच तापाने गेली. तिला पुरताना रूपलीबाई लांब उभी राहिली. जवळ जायचं तिला धैर्य झालं नाही.

शहाद्याजवळ लोणखेड्याच्या बाजूला काम मिळालं. शेजारचंच गाव मास्तरांचं आहे असं कळल्यावर एका सकाळी ती शाळेत गेली. इथल्या ओढ्यापलीकडे सापडलेला एक कंद तिने चार दिवस पदरात बांधून ठेवला होता. मास्तरांनी तिला लगेच ओळखलं. त्यांना आनंदच झाला. प्रदर्शनात आपल्या शाळेचा पहिला नंबर आला, असं सांगून त्यांनी कपाट उघडलं. आत सुतळीने बांधलेले, नावाच्या चिठ्ठ्या लावलेले कंद होते. सुकून लाकूड झाले होते. प्रत्येकाचं डोकं जागेवर होतं.

रूपलीबाईने एका कंदाच्या डोक्यावर बोट ठेवलं. मग तिने जे झालं ते सगळं सांगितलं, गोवालच्या नातीचंही सांगितलं. मास्तरांनी विचारलं,

"बाई, तवयच का नही सांगं?"

"सांगानी गोट शे, अशे माले वाटनंच नही," ती म्हणाली. "चूक मन्ही शे, मास्तर. आते सांगाले उनू."

मुलं पुढे बसली. तिने कंद जमिनीवर ठेवला आणि विळ्याने डोकं वेगळं केलं. एवढं खायचं, एवढं परत मातीत, असं तिने दोनदा सांगितलं. मग प्रत्येकाकडून वदवून घेतलं. जे कधी कोणाला सांगावं लागलं नव्हतं ते ती शब्दाशब्दाने सांगत होती.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "आनी भूक लागेल ऱ्हायनी तं?"

"तवयच लावानं, बेटा. पोट भरेल माणूस ते कोणीबी लावस."

ते डोकं मुलांनी शाळेच्या कुंपणाशी लावलं. उरलेला कंद भाजायला म्हणून मास्तर आत घेऊन गेले आणि बाईंनाही वाढ, असं त्यांनी बायकोला सांगितलं. रूपलीबाईने हात जोडले. भाजलेला कंद तिने ओच्यात बांधून घेतला आणि मजुरांच्या पालावर गोवालला नेऊन दिला. गोवालने त्याचे दोन तुकडे केले आणि एक तिच्यापुढे ठेवला. कालपासून तिच्या पोटात अन्न नव्हतं, तरी तिने तो तुकडा हातातच धरून ठेवला.