वहिनीने तोडायच्या शेंगा

माझा दादा शिंपी. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली, पण स्वतःच्या घरात कुठे काय कमी पडतंय ते त्याला कधी कळलं नाही. मी बहीण म्हणून बोलते. दुसऱ्या कुणी बोललं तर जीभ हासडीन त्याची.

वहिनीच्या पोटाचं दुखणं हाताबाहेर गेलं तेव्हा डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "घरी न्या. मागतील ते खायला द्या." पण ती मागतच नव्हती काही. चमचा पुढे केला की तोंड फिरवायची. मग एका सकाळी आपणहून म्हणाली, "तो सालासकट खायचा गोड मटार असतो ना, तो वेलावरून आपल्या हाताने तोडून खावासा वाटतोय."

झालं! दादाने दुकानाला कुलूपच लावलं. मागच्या अंगणात वाफा केला, टेपने मोजून बिया टोचल्या, काठ्या रोवून त्यांना शिवणकामाचा पक्का दोरा ताणला. वेल चढले, पांढरी फुलं आली, शेंगा धरल्या. कोवळ्या, मोडल्या की कट्‌कन वाजणाऱ्या. मी एक तोडायला गेले तर माझ्यावरच डाफरला, "हात लावू नकोस! पहिली शेंग ती तोडणार. दोन दिवसांत उतरेल ती खाली."

उतरेल कसलं डोंबल! वहिनी वरच्या खोलीत, मध्ये चौदा पायऱ्या, आणि तिला कुशीवर वळायलासुद्धा माणूस लागायचा.

"अरे दादा, या शेंगा रोजच्या रोज तोडाव्या लागतात. वेलावर ठेवल्या की निबर होतात, वेल नवं फूलही धरत नाही. वाटीत घालून वर ने रे." सांगून सांगून माझं तोंड दुखलं. पालथ्या घड्यावर पाणी! शेंगा वर न्यायच्या म्हणजे ती आता कधीच खाली येणार नाही हे कबूल करायचं, आणि तेवढंच त्याच्याने होईना. मला राग यायचा आणि रडूही यायचं.

ऊन तापायला लागलं. फुलं थांबली, वेल बुडाकडून पिवळे पडले, शेंगांची सालं जाड झाली. एका दुपारी वहिनीने पाणीसुद्धा नको म्हटलं. दादा धडपडत खाली गेला, कापडाच्या कात्रीने एक अख्खा वेल बुडाशी कापला आणि काठीसकट वर घेऊन आला. जिनाभर माती सांडली.

"घे, तोड. तुझ्या हाताने तोड गं," म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

वहिनीचा हात दोनदा वर आला आणि पडला. तिसऱ्यांदा शेंग निघाली. तिने ती खूप वेळ चघळली. गिळवेना, तेव्हा तोंडातला चोथा काढून तिने त्याच्या तळहातावर ठेवला.

"पुढच्या वेळी जरा लवकर तोडा हं," ती म्हणाली.

"हो," दादा म्हणाला, "तोडीन." आणि त्याने मूठ मिटली.