मंगळवारची साखर

इरा, कबीर,

आबांचा पाय कसा आहे, असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी "बरा आहे" म्हणाले. ते खोटं होतं. रविवारी तुम्ही त्यांना व्हिडिओ कॉलवर बघणार आहात, म्हणून आधीच लिहिते.

बुलढाण्याच्या सर्जननी कागदावरून नजर न काढता सांगितलं, "गँगरीन आहे. डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागेल." गँगरीन म्हणजे रक्त न पोचल्याने मांस मरून जाणं. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. तो शब्द मला स्पेलिंगसकट येत होता.

मग त्यांनी दुसरा रिपोर्ट पुढे केला. एचबीए-वन-सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज. ती फार वाढलेली होती.

"आजी, आधी कधी तपासलं नाही?"

मी साखरेच्या आकड्यांची वही काढली. लाल रेघा मारलेली, तारीखवार. सगळे आकडे चांगले. डॉक्टरांनी वही रिपोर्टशेजारी ठेवली.

खरं सांगते. आपल्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात सिस्टर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी साखर तपासायची. रविवारपासूनच आबांचा भात, गूळ, चहा बंद. रात्री नुसती मेथीची भाजी. गावात सगळेच असं करायचे. आमच्यासाठी ती परीक्षा होती, आणि शिक्षिकेच्या घरी नापास कोण होणार?

सिस्टर म्हणायची, "आबा, तुमची शुगर तं लय शहाणी हाय!"

"मंग! मास्तरीनबाईचा नवरा हाओ मी."

बुधवारी ते शिरा मागायचे. मी करून द्यायचे. ते आकडे बघून सिस्टरने त्यांना कधी मोठ्या डॉक्टरांकडे धाडलं नाही. तिने का धाडावं?

मग तिची बदली झाली. दिवाळीपासून उपकेंद्राला कुलूप. नवी सिस्टर पाठवा म्हणून मी तीन अर्ज लिहिले, सुवाच्य अक्षरात. गोळ्या कोणी तालुक्याला, मोताळ्याला गेलं तर यायच्या, नाहीतर खंड.

कापलेल्या तुरीचं टोकदार धसकट टाचेत घुसलं ते आबांना कळलंच नाही. याला न्यूरोपॅथी म्हणतात. साखरेने नसा बधिर होतात. मला चादरीवर डाग दिसला. मी हळद भरली.

"काऊन घाबरून राह्यली वं? दुखत तं नाही."

दुखत नाही म्हणून मीही थांबले. रोज उपकेंद्रापर्यंत जायचे, कुलूप बघून परत यायचे. आठव्या दिवशी जखमेला वास आला. तेव्हा कुठे दोन एसट्या बदलून बुलढाणा गाठलं.

ऑपरेशनला नेताना ते एवढंच म्हणाले, "लेकरायले नोको सांगू."

सांगते आहे. तुमच्या ओळखीत कोणाला साखर असेल तर सांगा, तपासणीच्या आधीच्या दिवसांतही रोजचंच जेवा. आणि तळपाय बघत जा, दुखत नसला तरी.

मी आता रोज सकाळी चष्मा लावून त्यांचा उरलेला तळवा बघते, बोटांच्या बेचक्यांसकट. ते छताकडे बघत पडून असतात. उपकेंद्राला अजून कुलूप आहे.

आबांचा उजवा पाय बरा आहे.