अमोनियाचा बोळा

"घ्या, सुरू झाला तमाशा," डॉक्टर म्हणाले आणि राऊंडवरचे सगळे हसले.

खाटेवर मंगल ताठ झाली होती. दातखीळ बसलेली. मुठी आवळलेल्या. डोळे उघडे, पण कुणाकडंच न बघणारे. बाहेरच्या रस्त्यानं नुकताच उसाचा ट्रॅक्टर गेला होता, मागं दोन ट्रॉल्या, वर कर्ण्यावर गाणं. आमचा खाजगी दवाखाना कारखान्याच्या रस्त्याला. हंगामात ट्रॅक्टर थांबत नाहीत.

मग डॉक्टर माझ्याकडं वळले. "तुझ्याच गावाकडची ना गं? मग तुमच्या भाषेत सांग तिला. लई झालं म्हणावं, ऊठ."

'लई' असा काही लांबवला की इन्चार्ज सिस्टरनं तोंडाला रुमाल लावला.

मी जामखेडकडची. ऊसतोड्याची पोर. नर्सिंग केलं, पांढऱ्या ड्रेसवर नावाची पट्टी लावली, 'हाय'चं 'आहे' केलं. तरी त्यांच्या लेखी मी त्या खाटेवरच्याच माणसांतली. बरोबरच आहे. आहेच मी त्यांच्यातली. फक्त ते मी मान खाली घालून कबूल करावं, एवढी डॉक्टरांची इच्छा होती.

मंगलचं काय झालं होतं ते वॉर्डात सगळ्यांना माहीत होतं. भरलेली ट्रॉली उलटली आणि तिची जाऊ खाली सापडली. ऊस उपसताना मंगल पुढं होती. जावेचा हात तिनंच धरला होता. तेव्हापासून ट्रॅक्टरचा आवाज आला की तिचं असं होतं. डोळा लागला की किंचाळून उठते. पाचटाचा, उसाच्या वाळल्या पाल्याचा, वास आला तरी ओकते. याला आजार म्हणतात. नर्सिंगच्या पुस्तकात त्याचं अख्खं प्रकरण आहे, परीक्षेत प्रश्न येतो, सगळ्या पाठ करतात. वॉर्डात आलं की त्याचंच नाव नाटक.

आणि नाटकावर औषध ठरलेलं. अमोनियात बुडवलेला कापसाचा बोळा. तोंड दाबून धरायचं, बोळा नाकाला लावायचा. माणूस गुदमरतं, डोळ्यांतून पाणी काढत, खोकत उठून बसतं. मग सगळ्यांनी म्हणायचं, बघा, उठली की नाही? हाच पुरावा. अरे, झोपलेल्याच्या नाकात तिखट कोंबा, तोही उठेल. म्हणून काय तो झोपला नव्हता?

त्याच वेळी वरच्या मजल्यावर, स्पेशल रूममध्ये, एका बागायतदाराची सून होती. गाडी झाडावर गेलेली, खरचटण्यावर निभावलेलं. पण बाई थरथरायच्या, झोपायच्या नाहीत. त्यांच्यासाठी नगरहून मानसोपचारतज्ज्ञ आले. पडदे ओढले. हळू बोला, मॅडमना धक्का बसलाय, असं आम्हाला बजावलं. बसलाच होता धक्का. त्या बाईंवर माझा राग नाही. मला एवढंच विचारायचंय, हा धक्का जिना उतरून खाली का येत नाही?

वॉर्डाच्या दारात मुकादम उभा होता. ऊसतोड्यांची टोळी त्याची. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बायको आजारी पडली की नवरा अर्धा कोयता. अख्खा माणूस, पण अर्धा.

"साहेब, एवढंच सांगा, कामाला चालंल का न्हाई," तो म्हणाला. "हिचा दत्ता अर्ध्यावर आलाय माझा."

"हिला काही झालेलं नाही. आत्ता उठवून दाखवतो. सिस्टर, बोळा."

इन्चार्ज सिस्टरनं बोळा माझ्या हातात दिला. वास आधी माझ्याच डोळ्यांत गेला. सगळे बघत होते. मंगलचा नवरा दत्तापण, कोपऱ्यात, टोपी हातात घेऊन.

मी बोळा कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकला.

"मी नाही लावणार."

"काय म्हणालीस?"

"नाही लावणार. जाऊ मेली तिची, तिच्या हातात. आजारी हाय ती."

"तू डॉक्टर कधी झालीस?"

"न्हाई झाले. डॉक्टर तुमीच हाय. म्हणून तर लाज वाटाय पायजे तुमाला."

जीभ घसरली नव्हती. मी सोडली होती. कॉलेजात असताना मी पत्रकं वाटायचे, कारखान्याच्या फाटकावर, एसटी स्टँडवर. 'व्यवस्था', 'शोषण' असले शब्द त्यात मीच लिहायचे. त्या सकाळी कळलं, व्यवस्था म्हणजे चिमटीत मावणारा ओला कापूस. तो कुणीतरी धरावा लागतो. आणि धरायला आमच्यातलीच पोरगी लागते.

मी खाटेजवळ खाली बसले. "मंगलताई, हा दवाखाना हाय. ट्रॅक्टर गेला पुढं. मी हितंच हाय. पाय खाली सोड, फरशीला टेकव. गार लागती का?"

वेळ लागला. राऊंड पुढच्या खाटेवर गेला. मग मंगलची एक मूठ सुटली.

"गार हाय," ती म्हणाली.

दुपारी तिला डिस्चार्ज दिला. मला धुलाईच्या खोलीत पाठवलं, चादरींच्या घड्या घालायला. तिथल्या खिडकीतून दिसलं, मुकादमानं तिला न्यायला काय आणलं होतं ते. रिकामी ट्रॉली. उसाच्या फडाकडं परत निघालेली. दत्तानं मंगलला खालून ढकललं, वरून एकानं ओढलं. तिनं फळी धरली, तोंडात पदर कोंबला. ओरडली नाही. मी पळत फाटकापर्यंत गेले, तोवर ट्रॅक्टर वळला होता.

संध्याकाळी इन्चार्ज सिस्टरनं बोलावलं. "हे बघ, चार ओळी माफीच्या लिहून दे. साहेब मनानं चांगले आहेत. असल्या लोकांसाठी कुणी नोकरी घालवतं का, बाई?"

मी कोरा कागद तिच्या टेबलावर ठेवून आले.

सुट्टीच्या दिवशी फडावर गेले. मंगल मोळ्या बांधत होती. "बरी हाय म्हनले की डॉक्टर," दत्ता म्हणाला. मंगल माझ्याकडं बघून हसली. हसू नुसतं तोंडावर ठेवलेलं. पाणी देते म्हणून तिनं मला कोपीमागं, त्यांच्या पाचटाच्या झोपडीमागं, नेलं.

"आवाज आला का मी उसात जाऊन बसती, बाई. जीभ चावून धरती. कुनाला कळू देत न्हाई." मग म्हणाली, "नाटक तर आत्ता करतीया मी. बरी असल्याचं."

हे तुमचं यश, डॉक्टरसाहेब. पेशंट बरा करून पाठवलात.

मी कोपीपुढं येऊन मुकादमासमोरच दत्ताला सांगितलं. सोमवारी हिला नगरला सरकारी दवाखान्यात नेणार, मनाच्या डॉक्टरकडं.

"एका बाईपायी टोळी बसवू का मी?" मुकादम म्हणाला.

"बसव."

दत्ता कोयत्याच्या धारेवरून अंगठा फिरवत राहिला. आला तर येईल. नाही आला तर आम्ही दोघी एसटीनं जाऊ. मुकादम आडवा आला तर त्याच्या अंगावरून जाऊ. माफी मी लिहिणार नाही, नोकरी गेली तर जाऊ दे. नगरला कुणी उद्या या म्हणालं तरी बाकावरून उठणार नाही, कुणी हसलं तरी उठणार नाही. मंगलची झोप मी हात जोडून मागणार नाही. तिला तपासल्याशिवाय त्या ओपीडीचं दार बंद होऊ देणार नाही.